इंच नसलेला टेप : सहा महिने वापरून

सुतारकी वडिलांकडून आली, त्यामुळे माझं सगळं माप इंच आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, हे पाढ्यांच्या आधी पाठ. तरी यंदा मुद्दाम फक्त मिलिमीटरचा पाच मीटरी टेप घेतला. दुकानदाराने दोनदा बजावलं, "मिस्त्री, इंच नाहीत बघा यावर." म्हटलं, म्हणूनच पाहिजे. दोन्ही मापं असली की नजर इंचाकडेच जाते, दहा वर्षं तेच झालं.

फायदा किचनच्या कामात कळला. ६०० मिमीचा खोका, दोन्ही बाजूंना १८ मिमीचा प्लाय. आतली फळी? ६०० वजा ३६, ५६४. संपलं. पूर्वी मी २३ इंच ५ सूत धरायचो आणि प्लायला सवयीने 'पाऊण इंची' म्हणत दीड इंच वजा करायचो. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी. फळी दोन मिमी आखूड यायची आणि मी करवतीला दोष द्यायचो.

ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनलचंही तसंच. दुकानात 'अठरा इंची' मागतो, हातात ४५० मिमीचा येतो. खरे अठरा इंच ४५७ होतात. कपाटाच्या दारात बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीचं भोक तर ३५ मिमीचंच. म्हणजे सामान कधीच मिलिमीटरवर गेलंय, मागे राहिलो होतो आम्हीच.

आता तक्रारी. आकडे बारीक, चाळिशीच्या डोळ्यांना संध्याकाळी दिसत नाहीत. लॉक तीन मीटरच्या पुढे सरकतं. आणि गिऱ्हाईक "ओटा अडीच फूट उंच करा" म्हणतं तेव्हा मनातल्या मनात ७६२ करावं लागतं. प्लायही अजून आठ बाय चारच म्हणून मिळतो, त्यामुळे जुना टेप पिशवीत आहेच.

एक सांगून ठेवतो. टोकाचा हुक थोडा हलतो, तो हलायलाच हवा. बाहेरून अडकवला की ओढला जातो, आत टेकवला की दाबला जातो, तेवढ्यात हुकाची जाडी भरून निघते. माझ्या पोराने 'ढिला आहे' म्हणून रिव्हेट ठोकून पक्का केला. त्या दिवशी कापलेले चारही खण एकेक मिमी चुकले. दुसरा टेप २४० रुपयांना आणला, तोही बिनइंचाचाच.