फुकट झाड तपासून देतो म्हणणाऱ्याला गेटच्या आत घेऊ नका

24,300 रुपये गेले, परसातला फणस गेला आणि वर नगरपालिकेची नोटीस माझ्याच नावावर आली.

पावसाळ्याच्या तोंडावर हे झाडांचे डॉक्टर घरोघर फिरतात, झाड फुकट तपासतो म्हणतात, मग आधी औषधाचे आणि नंतर तोडायचे पैसे काढतात. त्यातलाच एक आमच्याकडे आला. आमच्या फणसाला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली होती हे खरं, खोडाला भोकं, बुंध्याशी भुसा, आणि फांद्या शेजाऱ्यांच्या पत्र्यावर, म्हणजे मी काही उगाच घाबरलो नव्हतो. त्याने आधी 4,800 घेऊन खोडात इंजेक्शनं मारली, मग परत येऊन म्हणतो काका, आतून पोकळ झालंय, वाचत नाही. तोडायचे 16,000, परवानगी काढून द्यायचे 3,500.

पण पहिल्याच दिवशी त्याने टेप काढून खोडाचा घेर मोजला होता! वहीत लिहूनसुद्धा घेतला. कीड बघायला आलेला माणूस घेर कशाला मोजेल, तो लाकूडवाला मोजतो. मी विचारलं होतं हो, तर म्हणे औषधाचा डोस घेरावर ठरतो, आणि इंजेक्शनचा डोस खोडाच्या जाडीवर ठरतोच, मग कोणाला शंका येणार? तो टेप अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

तोडल्यावर बघतो तर बुंधा पिवळाधमक, भरीव, एका कडेला वीतभर किडका. बस. फणसाच्या लाकडाला चांगली मागणी असते, म्हणून ओंडके त्याच्या टेम्पोत गेले, पालापाचोळा आम्हाला. परवानगी काढलेलीच नव्हती, त्याचा फोन बंद. परवानगीचा कागद स्वतःच्या हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका, अर्ज स्वतः करा.

पोलीस म्हणाले पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, दिवाणी मामला आहे. नगरपालिकेत तर कहर, झाड बघायला माणूस पाठवा असा अर्ज मी आधीच दिला होता, त्याला उत्तर नाही, वृक्ष अधिकाऱ्याचा चार्ज कोणाकडे ते तिथे कोणालाच माहीत नाही, या टेबलावरून त्या टेबलावर नाचवलं, भरदिवसा करवत चालू असताना शेजाऱ्यांनी फोन केला तो उचलला नाही, पण झाडं जपण्याच्या 1975 च्या कायद्याखाली विनापरवानगी तोडल्याची नोटीस काढायला मात्र बरोबर वेळ मिळाला. आता म्हणतात तुमचा अर्ज पाहणीचा होता, तोडण्याचा नव्हता. अरे पण पाहणीला आला असतात तर तोडायची वेळ आली असती का?

भिरूड म्हणजे झाड संपलं असं नसतं. भोकात तार घालून अळी ओढून काढतात, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आत घालून वरून चिखलाने बंद करतात, लवकर केलं तर झाड सावरतं. साल थोडी खरवडून बघा, आत हिरवी ओल असेल तर तो भाग जिवंत आहे. बुंध्याला अळंब्या फुटल्यात, झाड कलतंय, मुळांजवळची माती उचलली गेलीय, तर मात्र खरा धोका, तिथे वेळ घालवू नका. आणि जो तोडून लाकूड नेणार आहे त्याला तोडायचं का हे विचारूच नका, कृषी विज्ञान केंद्रात फोटो घेऊन जा, मला हे कोणीही सांगितलं नाही.

नोटिशीला लेखी उत्तर देतोय, जुन्या अर्जाची पोच जोडून. परसात आंबा अजून उभा आहे, त्यालाही त्याने टेप लावला होता.