गेम डिझाइन शिकायचंय: आधी पॅक-मॅन की टेट्रिस?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या डिझाइन संग्रहात घेतले. पॅक-मॅन (चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळायचं) आणि टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायच्या) दोन्ही त्यात आहेत. गेम डिझाइनकडे वळू पाहणाऱ्याने एकच जुना गेम मुळापासून अभ्यासायचा ठरवला, तर बहुतेक वेळा निवड या दोघांतच येऊन ठेपते. माझं मत आधीच सांगतो: पॅक-मॅन. आता कारणं.

१९८० साली नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन घडवला, तेव्हा आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, अंतराळातल्या गोळीबाराची चलती होती आणि गिऱ्हाईक मुख्यतः पुरुष. मुलींनी आणि जोडप्यांनीही यावं म्हणून इवातानींनी मारण्याऐवजी खाण्याचा विषय घेतला. म्हणजे खेळणार कोण, हे आधी ठरलं आणि खेळ त्यातून निघाला. डिझाइनचा हा पहिला धडा इथे उघड्या डोळ्यांनी दिसतो.

खरी श्रीमंती मात्र चार भुतांत आहे. लाल ब्लिंकी तुम्ही असाल त्याच घरावर नेम धरतं. गुलाबी पिंकी तुमच्या तोंडापुढच्या चौथ्या घरावर जातं, म्हणून ते वाट अडवतंय असं वाटतं. निळसर इंकी आपलं लक्ष्य ठरवताना ब्लिंकी कुठे आहे हेही हिशेबात घेतं, त्यामुळे त्याचा अंदाज बांधणं सर्वांत कठीण. नारिंगी क्लाइड पाठलाग करत येतं आणि आठ घरांच्या आत पोचलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. प्रत्येकाचा नियम एका ओळीत मावतो, पण चौघं एकत्र आली की ठरवून घेरल्यासारखं वाटतं. शिवाय ती सतत मागे लागत नाहीत. मधूनमधून चौघंही आपापल्या कोपऱ्यात पांगतात आणि खेळणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. ताण कधी द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे इतक्या कमी साधनांत शिकवणारा दुसरा गेम मला माहीत नाही.

टेट्रिसचं सौंदर्य वेगळं. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये तो लिहिला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे चौकटी कंसांनी रचले. पात्र नाही, गोष्ट नाही, फक्त सात आकार. नुसत्या नियमावर गेम उभा राहतो याचा याहून स्वच्छ पुरावा नसेल. पुढे अधिकृत आवृत्त्यांत एक छोटा बदल आला: सातही आकार पिशवीत घालून हलवल्यासारखे येतात आणि पिशवी संपली की नवी. त्यामुळे लांब पट्टीची वाट पाहावी लागली तरी मध्ये बाराहून जास्त ठोकळे येत नाहीत. नशिबाचा वाटा घटला, नियोजनाचा वाढला.

लोकप्रियतेत दोघंही अफाट, पण वाटा निराळ्या. पॅक-मॅनला चेहरा होता, म्हणून १९८२ मध्येच अमेरिकन टीव्हीवर त्याची कार्टून मालिका आली. टेट्रिस १९८९ मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासोबत घरोघरी गेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’च्या रूपात आला. कित्येकांना त्याचं खरं नाव फार नंतर कळलं.

एका बाबतीत टेट्रिस सरळ पुढे आहे. तुम्हाला स्वतः कोड लिहून गेम बनवायचा असेल, तर त्यापासूनच सुरुवात करा. आकार फिरवणं, टक्कर तपासणं, भरलेली ओळ काढणं एवढं जमलं की खेळता येईल असं काहीतरी हातात येतं. भुतांच्या वागण्यासकट पॅक-मॅन नीट उभा करायला बराच जास्त घाम गाळावा लागतो. पण पात्रं, ॲनिमेशन, लेव्हल डिझाइन यांची ओढ असेल, तर पॅक-मॅन सोडू नका.

आणि त्याचा अभ्यास करताना गुणांच्या मागे लागू नका. पहिल्या लेव्हलला सुरुवातीची सात सेकंदं भुतं पांगलेली असतात, मग वीस सेकंद पाठलाग. तेवढ्या वेळात एकाच भुतावर नजर ठेवा, ते कुठे वळलं ते कागदावर टिपा, आणि पुढच्या डावाला दुसरं भूत घ्या.