पाच फुटी आरा, आठ महिने आणि एक विंग नट

मागच्या रविवारी, मावठ्याच्या वाऱ्याने वाटेवर आडवा पडलेला धावडा कापत असताना, आऱ्याची डावीकडची मूठ पुन्हा सैल झाली आणि भाऊजींच्या हातातून निसटली. आरा खाली पडला नाही आणि कोणाला लागलेही नाही. पण एकाच कारणाने असे सहाव्यांदा घडले, म्हणून हा अनुभव आता लिहायलाच हवा असे वाटले.

इंदूरजवळ, सिमरोलच्या पुढे, खंडवा रस्त्यालगत आमचे थोडे शेत आहे आणि त्यातून टेकडीवरच्या महादेवाकडे जाणारी पाऊलवाट गावाची आहे. दर पावसाळ्यात दोन-चार झाडे तिच्यावर कोसळतात, कारण उतारावर मुरमावरचा मातीचा थर पातळ आहे आणि तो भिजला की मुळांची पकड सुटते. वाटेचा वरचा भाग वनखात्याच्या हद्दीत येतो. तिथल्या लाकडाला आम्ही हात लावत नाही, फक्त वनरक्षकांना कळवतो. खालच्या भागासाठी पूर्वी आम्ही मोटारीची करवत भाड्याने आणत असू. एक झाड असो वा पाच, भाडे पूर्ण दिवसाचे द्यावे लागे, शिवाय पेट्रोल आणि चालवणाऱ्याची मजुरी वेगळी. तीन वर्षांच्या त्या खर्चाची बेरीज मी वहीत केली आणि जूनमध्ये इंदूरच्या सियागंज बाजारातून दोघांनी ओढायचा हा आरा २,१५० रुपयांना घेतला.

पहिले दोन महिने मी त्याच्यावर अतिशय नाराज होते. हाताएवढ्या जाडीच्या पळसालाही वीस मिनिटे लागत आणि कापातून पिठासारखा भुसा पडत असे. चूक आमच्या ओढण्यात असावी असे मला वाटत होते आणि ती काही अंशी होतीही. हा आरा फक्त ओढायचा असतो. आपली ओढ संपली की हात सैल सोडून समोरच्याला ओढू द्यायचे. आपण ढकलले तर पाते वाकते आणि कापात अडकते. भाऊजींनी आणि मी ही लय पकडली, तरीही भुसा तसाच पडत राहिला.

खरे कारण ऑगस्टमध्ये कळले. छावणीतल्या एका वयस्कर सुतारांनी पाते उजेडात धरून दाखवले, की आऱ्याचे दात दोन प्रकारचे असतात. टोकदार दात कापाच्या दोन्ही कडांवर लाकडाचे तंतू सुरीसारखे तोडतात आणि त्यांच्या मधले बोथट, दुहेरी टोकाचे दात तो तुटलेला भाग रंध्याप्रमाणे सोलून बाहेर काढतात. हे सोलणारे दात कापणाऱ्यांपेक्षा किंचित आखूड हवेत. सुक्या, कठीण लाकडासाठी तो फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो, ओल्या व मऊ लाकडासाठी थोडा अधिक. माझ्या आऱ्यात सगळे दात एकाच उंचीचे आले होते, त्यामुळे कापणाऱ्या दातांना लाकडात शिरताच येत नव्हते. सुतारांनी कानस लावून सोलणारे दात उतरवले, कापणारे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवले आणि १५० रुपये घेतले. त्यानंतर पहिल्याच ओढीला शेवयांसारखे लांब काप बाहेर पडले, आणि जून-जुलैमध्ये मी या आऱ्याबद्दल जे जे बोलले होते ते मी मनापासून मागे घेते.

आता तो मला मोटारीच्या करवतीपेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. पडलेले झाड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली असते आणि वरून कापताना काप मिटत जाऊन पाते धरले जाते. म्हणून पात्याची पाठ आत गेली की तिच्यामागे लाकडी पाचर ठोकावी लागते. एक टोक अधांतरी असेल तर दाब खालच्या बाजूला असतो आणि आधी खालून थोडे कापून घ्यावे लागते, नाहीतर ओंडका शेवटी फाटत तुटतो. आऱ्याने कापताना हा ताण हाताला जाणवतो आणि लाकूड सुटण्यापूर्वीचा कडकड आवाज ऐकू येतो. मोटारीच्या गोंगाटात तो बुडून जातो. अमेरिकेत १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याने राखीव रानात मोटारीच्या अवजारांवर बंधन आहे, म्हणून तिथल्या वाटा आजही असल्याच आऱ्यांनी मोकळ्या केल्या जातात, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. सालईचा डिंक मात्र पात्याला चिकटतो. त्यासाठी रॉकेलचा बोळा जवळ ठेवावा. दातांवर आम्ही बागेचा जुना पाइप उभा चिरून बसवतो आणि पात्याला तेल पुसून ठेवतो.

आता त्या मुठीविषयी. लाकडी मुठीतून लोखंडी आकडा जातो, तो पात्याच्या भोकात अडकतो आणि वरून विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचा दोन पंखांचा नट, आवळायचा असतो. पावसाळ्यात लाकूड फुगते तेव्हा तो घट्ट बसतो, पण ऊन पडून लाकूड सुकले की प्रत्येक ओढीबरोबर तो पाव फेरा उलटा फिरतो. मी तो हाताने आवळून पाहिला, पकडीने आवळून पाहिला, खाली रबराची चकती घातली. वीस-पंचवीस ओढींनंतर मूठ पुन्हा डुलू लागते. पात्याचे पोलाद उत्तम आहे, दातही आता उत्तम आहेत, आणि दहा रुपयांच्या एका नटाने हे सगळे अविश्वासाचे करून ठेवावे, हे मला मुळीच मान्य नाही. उतारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून मूठ सुटणे ही किरकोळ बाब नाही. भाऊजी म्हणतात, ‘‘वहिनी, तार गुंडाळा आणि सोडून द्या,’’ परंतु तार गुंडाळल्यावर ने-आण करताना मूठ काढता येत नाही आणि एवढा लांब आरा दुचाकीवर नेणे धोक्याचे होते.

दुकानदाराकडे मी चार वेळा गेले. पहिल्या दोन वेळा त्यांनी वापरण्यात दोष काढला, तिसऱ्या वेळी आरा परत घेण्यास नकार दिला आणि चौथ्या वेळी, मी मुठी तिथेच सुट्या करून दाखवल्यावर, नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे दोन नट देण्याचे कबूल केले. प्रत्यक्षात एकच मिळाला. तो उजव्या मुठीला बसवला आहे आणि डिसेंबरपासून ती मूठ एकदाही हललेली नाही. मात्र आता तिला पाना लागतो, तो पिशवीत ठेवावा लागतो. डाव्या मुठीचा नट मी बाजारातून सहज विकत घेऊ शकते, पण तो आऱ्याच्या किमतीत मी आधीच भरलेला आहे, म्हणून येत्या शनिवारी पाचव्यांदा सियागंजात जाणार आहे.