विश्रामबागेतील प्रगत ग्राफिक डिझाइन अभ्यासक्रम : छपाई पक्की, पडदा कच्चा

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका संस्थेत छपाई आणि (मोबाइल-संगणकाचा) पडदा या दोन्ही माध्यमांसाठीचा प्रगत ग्राफिक डिझाइनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील काही दोषांविषयी स्पष्ट लिहायचे असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही. वडिलांनी गणपती पेठेत सुरू केलेल्या छापखान्यात मी अकरा वर्षे डीटीपीचे, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवण्याचे, काम करते. लग्नपत्रिका, बिलबुके, हळदीच्या पाकिटांवरील लेबले, बेदाण्याच्या खोक्यांची झाकणे असा आमचा नेहमीचा माल. कोरलड्रॉ हे डिझाइनचे सॉफ्टवेअर हातात बसलेले होते, पण ‘रंग असा का आला?’ असे ग्राहकाने विचारले की ‘मशीनवर थोडा फरक पडतोच’ यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते उत्तर मिळावे, एवढ्यासाठीच मी प्रवेश घेतला.

शुल्क ३८,००० रुपये, दोन हप्त्यांत. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ असे वर्ग असल्यामुळे दिवसाचे काम सांभाळून जाता येते. आमच्या तुकडीत चौदा जण होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक माझ्यासारखेच छापखान्यात किंवा फ्लेक्सच्या दुकानात बसणारे होते.

पहिले तीन महिने छपाईचे, आणि शुल्काचे पैसे तेथेच वसूल होतात असे माझे मत आहे. शिकवणाऱ्या सरांनी आयुष्याची बरीच वर्षे ऑफसेट मशीनजवळ काढली असावीत. कारण प्रत्येक नियम सांगताना तो मोडल्यावर तावाचे काय होते, हे ते प्रत्यक्ष खराब झालेला ताव हातात देऊन दाखवत. काळ्या मजकुराचेच उदाहरण घेऊ. आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) तयार केलेला काळा मजकूर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, जिथे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते) नेला की तो केवळ काळ्या प्लेटवर न राहता चारही प्लेटांवर विभागला जातो, आणि मग रजिस्ट्रेशन (चारही छापांची एकमेकांवरची जुळणी) केसभर जरी हलले तरी आठ पॉइंटांच्या अक्षरांभोवती निळी-तांबडी किनार उमटते. आमच्याकडे हे वर्षानुवर्षे होत आले आणि दरवेळी बोलणी मशीनमनने खाल्ली. मजकूर शंभर टक्के फक्त काळ्यात ठेवून इतर रंगांवर ओव्हरप्रिंट करायचा, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापायचा, हा उपाय इतका सोपा आहे की तो कळल्यावर मला आनंदापेक्षा ओशाळेपणाच जास्त वाटला.

शाईच्या एकूण प्रमाणाचा भागही असाच उपयोगी ठरला. छायाचित्रातील गडद सावल्यांत चारही शाया (प्रत्येकी कमाल शंभर टक्के) मिळून ३५० टक्क्यांपर्यंत सहज जातात, परंतु आर्टपेपरवर ३०० ते ३२० आणि वृत्तपत्राच्या कागदावर २४० टक्क्यांच्या आसपास थांबावे लागते. त्यापुढे गेल्यास शाई वाळत नाही आणि रचलेल्या थप्पीत वरच्या तावाच्या पाठीवर उतरते. भगव्या रंगावर सरांनी एक पूर्ण संध्याकाळ घालवली. मोबाइलवर झळाळणारा भगवा चार शायांच्या आवाक्याबाहेरचा असतो, त्यामुळे गणेशोत्सवाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तो विटकरीकडे झुकतो. अशा वेळी पाचवी, खास मिसळलेली शाई वापरावी, नाहीतर छापील रंगतक्ता समोर ठेवून ग्राहकाची संमती आधीच घ्यावी. दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि माझे अर्धे वाद त्यानेच मिटले आहेत.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील दोन कारखान्यांची भेट हा अभ्यासक्रमाचा कळस होता. एका ठिकाणी प्लेट तयार होण्यापासून तावाच्या कडेला छापलेल्या रंगपट्टीवरून शाई कमी-जास्त करण्यापर्यंतचे सारे काम पाहता आले, तर दुसऱ्या ठिकाणी हळदीच्या पाऊचची ग्रॅव्हुअर (कोरलेल्या सिलिंडरने होणारी) छपाई. पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने उलटे चित्र छापतात, आधी रंग आणि सर्वांत शेवटी पांढरी शाई, आणि त्यामागे दुसरी फिल्म चिकटवतात. पांढऱ्याचा वेगळा थर डिझाइनमध्येच दाखवावा लागतो, हे तेथे कळले. नाहीतर जेथे पांढरा नाही तेथून आतली हळद दिसते. कधी कधी ती मुद्दाम दिसू द्यायची असते, हा भाग निराळा. बारकोडविषयी सांगितलेली गोष्टही मी विसरणार नाही. दुकानातील स्कॅनर बहुधा तांबड्या प्रकाशाने वाचतो, म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा त्याला दिसत नाहीत, मात्र पिवळ्याधमक पाकिटावर काळ्या रेघा बिनचूक वाचल्या जातात.

येथेच पहिली उणीवही जाणवली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता आमच्याकडे दर महिन्याला एखादा नवा हळदवाला लेबल करून घ्यायला येतो. अशा लेबलवर काय छापलेच पाहिजे, निव्वळ वजनाच्या आकड्यांची उंची किमान किती हवी, हे वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ आणि अन्नसुरक्षेचे २०२० चे लेबलविषयक नियम ठरवून देतात. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याचा आकारसुद्धा डिझायनरच्या मर्जीवर नसतो. या विषयाला अभ्यासक्रमात एक तासही नाही. ज्या जिल्ह्यात डिझायनरची भाकरी हळद आणि बेदाण्यावर निघते, तेथे ही गोष्ट खटकतेच.

देवनागरीसाठी अवघे चार वर्ग होते, आणि संपूर्ण सहा महिन्यांत मला सर्वांत अधिक आवडलेले तेच. त्यासाठी बाहेरून आलेल्या बाईंनी सुरुवात अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेल्या शीर्षकाक्षरांनी केली. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या गावात हे योग्यच झाले. रोमन अक्षरांसाठी चालणारे १२० टक्के ओळींतर (अक्षराच्या आकाराच्या तुलनेत ओळींमधील अंतर) देवनागरीला पुरत नाही, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. म्हणून १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करावी. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते, त्यामुळे इंग्रजी मथळ्याची ती हौस मराठीत करू नये. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडला नाही तर जोडाक्षरे विस्कटतात, हे मी यापूर्वी दोन पत्रिकांत भोगले आहे. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव ‘कर्‌हाड’ असे छापून गेले होते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील फरक ज्या फॉन्टला दाखवता येत नाही, तो मराठीसाठी घेऊच नये, असे बाई म्हणाल्या. मराठी वळणाचे ल आणि श फॉन्टमध्ये आहेत की नाहीत, हे तपासायलाही त्यांनीच शिकवले. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्यामुळे आमच्या जुन्या फाइलींमधील मजकूर मोबाइलवर पाठवला की निरर्थक चिन्हे उमटतात, याचे कारणही मला तेव्हा कळले. सात वजनांत (अक्षरांच्या जाडीच्या सात प्रकारांत) मोफत मिळणारा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मी त्या आठवड्यापासून वापरू लागले. चारऐवजी बारा वर्ग असते तरी कोणी कंटाळले नसते.

उरलेल्या अडीच महिन्यांविषयी मात्र इतक्या आनंदाने लिहिता येत नाही. पडद्याचा भाग शिकवणारे शिक्षक तरुण आणि उत्साही होते, परंतु तयार साचे घेऊन त्यांतील रंग बदलणे यापलीकडे वर्ग फारसा गेला नाही. सरावाचे काम म्हणून एका काल्पनिक कॉफीच्या दुकानाचे अ‍ॅप दिले गेले आणि तेही संपूर्ण इंग्रजीत. देवनागरीच्या वर्गात जे शिकलो ते येथे कोणीच विचारले नाही. मराठी शब्द टाकताच बटणात वेलांटी कापली जाते, हे मला घरी करून पाहिल्यावर समजले. पडद्यासाठीचे चित्र ७२ डीपीआयचे (छापताना एका इंचात किती ठिपके, याचे माप) हवे, असे वहीत लिहून घ्यायला लावले, तेव्हा मी शंका विचारली. पडद्यावर फक्त पिक्सेलची लांबी-रुंदी महत्त्वाची असते. १०८० गुणिले १३५० पिक्सेलच्या पोस्टवर डीपीआयचा आकडा काहीही असला तरी चित्र तेच राहते. शिक्षकांनी शंका टाळली नाही, पण वहीतील वाक्य तसेच राहिले. वाचनीयतेसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील भेदाचे गुणोत्तर साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवे, हा डब्ल्यूसीएजी या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा निकष त्यांनी नीट शिकवला, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. आमच्या एका ग्राहकाचा हळदीपिवळा रंग मी त्यानंतर तपासला. पांढऱ्यावर तो २ : १ पर्यंतही पोचला नाही, आणि त्याच पिवळ्यावर काळी अक्षरे ठेवताच गुणोत्तर ११ च्या वर गेले.

संगणक पुरेसे वेगवान आहेत, परंतु रंगव्यवस्थापन शिकवणाऱ्या वर्गातील एकाही मॉनिटरचे रंग जुळवलेले नव्हते. शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर एकच लाल रंग वेगवेगळा दिसे. सरांनाही ते ठाऊक होते. ‘म्हणूनच आकडे बघा, डोळ्यांवर जाऊ नका,’ असे ते हसून सांगत. संस्थेने मात्र हसण्यावारी नेऊ नये.

छापखान्यात, फ्लेक्सच्या किंवा पॅकेजिंगच्या कामात असलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. ज्यांना केवळ वेबसाइट आणि अ‍ॅपचे काम करायचे आहे, त्यांनी ३८,००० रुपये येथे घालू नयेत. छपाईचा भाग स्वतंत्रपणे अर्ध्या शुल्कात मिळेल का, असे मी कार्यालयात विचारले असता पुढच्या तुकडीपासून तसा विचार चालू असल्याचे सांगण्यात आले. प्रवेश घेताना हे पुन्हा विचारावे आणि कारखाना-भेट वेळापत्रकात लेखी आहे की नाही, हेही पाहून घ्यावे, कारण आमच्या आधीच्या तुकडीची भेट राहून गेली होती.