स्टेजच्या आदल्या दिवशी घेतलेला स्प्रे टॅन

मागच्या वर्षी बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेला आम्ही पोरांनी एकमेकांना स्पंजनेच रंग फासला होता. माझ्या पाठीवर मित्राच्या बोटांचे पट्टे उमटले आणि वर्षभर घाम गाळून कमावलेली पाठ त्या पट्ट्यांत हरवली. फोटो बघून फार वाईट वाटलं. म्हणून यंदा पैसे बाजूला ठेवले आणि जळगावात प्रोफेशनल स्प्रे टॅन, म्हणजे अंगावर फवारून चढवलेला गडद रंग, घेतला. टॅन करणारा दादा नाशिकहून आदल्या दिवशी येतो, हॉटेलच्या खोलीत तंबू लावतो. दोन कोटचे अठराशे रुपये.

आई म्हणाली, रावेरच्या उन्हात आधीच करपलायस, आता आणखी रंग कशाला? पण स्टेजच्या झगझगीत लाइटखाली आपली कातडीसुद्धा फिकी, सपाट दिसते. गडद रंगावरच कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेघा, उठून येतात.

दादाने आठवडाभर आधी फोनवर सगळं समजावलं. रंग आणणारं डीएचए कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या थरावरच काम करतं. जिथे ती कातडी जाड आणि कोरडी, तिथे रंग जास्त धरतो: कोपर, गुडघे, घोटे. म्हणून टॅनच्या आदल्या दिवशी शेव्ह आणि चांगलं घासून आंघोळ. टॅनच्या दिवशी तेल, क्रीम, डिओ काही नाही. दोन दिवस आधी दंडाच्या आत थोडं लावून खाज येते का तेही बघायला लावलं.

तंबूत उभं राहिलो. डोळ्यांना झाकणं, नाकाला फिल्टर, ओठांना व्हॅसलीन, तळहातांना क्रीम. तोंडावर फवारा आला की श्वास धरायचा. गार धुकं अंगावर बसतं, बिस्किटासारखा वास येतो. काखेत, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत त्याने एवढ्या निगुतीने मारलं की मला भरून आलं.

एकच तक्रार. आठ पोरं आणि एकच पंखा, तोही एप्रिलमध्ये! माझा नंबर येईपर्यंत दीड तास गेला. पहिला कोट वाळतानाच गुडघ्यामागून घामाचा ओघळ उतरला आणि रंगात पांढरी रेघ पडली. दादाने पंखा माझ्याकडे वळवला, पूर्ण वाळू दिलं, मग ती जागा पुन्हा भरली. सकाळी स्टेजच्या आधी एकदा तपासूनही दिलं.

टॅननंतर दादाने बजावलं होतं: रात्री ढगळ काळे कपडे घाला, जुनी चादर अंथरा, आंघोळ नको. चादरीवर माझ्या खांद्यांचे ठसे अजून आहेत.

पाचव्या दिवशी रंग मानेवरून ठिपक्या-ठिपक्यांनी उडायला लागला, आठवड्यात गेला. आणि भो, हा रंग ऊन अडवत नाही. स्पर्धेनंतर तिसऱ्याच दिवशी मी केळीच्या बागेत उघड्या अंगाने पाणी भरलं, तर खांदे भाजून निघाले.

पुढच्या वर्षीसाठी त्याच दादाला सांगून ठेवलंय. फक्त या वेळी पहिला नंबर मागून घेतलाय.