अकरा वर्षांच्या मुलीसाठी कपडे - दादर, रानडे रोड

लेक ११ ची, या वर्षी अशी ताडमाड वाढलीय की जूनमधे घेतलेली जीन्स दिवाळीला घोट्याच्या वर. मॉलमधे गेलो तर १०-११ कमरेत बसते पण आखूड, १३-१४ घेतली तर लांबी बरोबर पण कंबर ढगळ, आणि मोठ्यांच्या सेक्शनमधलं एक्सएस घातलं तर खांदे उतरतात, शेवटी ट्रायल रूममधे पोरगी रडायलाच लागली हो, वाईट वाटलं खूप.

मग रानडे रोडच्या एका गल्लीतल्या छोट्या दुकानात गेलो. काकूंनी वय विचारलंच नाही, टेप काढून कंबर आणि पायाची आतली लांबी मोजली. आतून भोकांचं इलॅस्टिक आणि बटण असलेली पँट दाखवली, कंबर हवी तेवढी आवळता येते, आणि खाली दीड इंच दुमड शिवलेली, नंतर उसवून लांब करायची. कॉटन आहे, आटेल, म्हणून आधी धुवा मगच दुमड उसवा, हेही स्वतःहून सांगितलं.

ट्रायलला नुसता पडदा आहे, शनिवार-रविवार तर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे सकाळीच जा. लेक तीच पँट घालून घरी आली.