पऱ्यावरच्या मोरीसाठी पुराचा आकडा: सूत्र, पूरखूण की संगणकातलं मॉडेल?

कोकणातल्या बहुतेक पऱ्यांवर आणि व्हाळांवर, म्हणजे लहान ओढ्यांवर, पाणी मोजणारं केंद्र नसतं. तरी मोरी (रस्त्याखालून पाणी जाऊ देणारं लहान बांधकाम) किंवा लहान पूल बांधायचा तर पुरात सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल हे ठरवावंच लागतं. गाळे किती, उंची किती, अंदाजपत्रक कितीचं, सगळं त्यावर अवलंबून. हा आकडा काढायच्या चार पद्धती वापरात आहेत: इंग्लिसचं सूत्र, रॅशनल पद्धत, पूरखुणेवरून मॅनिंगचं गणित (पात्राचा छेद, उतार आणि खडबडीतपणा यांवरून पाण्याचा वेग काढणारं), आणि हेक-एचएमएस किंवा हेक-राससारखं संगणकातलं मॉडेल. आमचं मत आधीच सांगतो. पाणलोट पाच-दहा चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि खाली खाडी नसेल, तर मॉडेलवर आठवडा घालवू नका. तोच वेळ पूरखूण शोधण्यात आणि तासाभराच्या पावसाचा खरा आकडा मिळवण्यात घाला.

तुलना करता यावी म्हणून एकच उदाहरण घेऊ. सड्यावरून (जांभ्या दगडाच्या सपाट पठारावरून) उतरणारा पऱ्या, पाणलोट २.५ चौरस किमी, सर्वांत लांबचा प्रवाहमार्ग २.५ किमी, उंचीतला फरक १५० मीटर.

इंग्लिसचं सूत्र

विसर्ग (सेकंदाला येणारं पाणी, घनमीटरमध्ये) = १२४ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०.४), क्षेत्र चौरस किमीमध्ये. आपल्या पाणलोटाला ते ८६ घनमीटर प्रति सेकंद देतं. सूत्र पश्चिम घाटातल्या, जुन्या मुंबई इलाख्यातल्या पंख्यासारख्या पसरट पाणलोटांसाठी आहे, त्यामुळे ते इथे परकं नाही. नकाशावरून क्षेत्र काढलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

पण त्यात पाऊस नाही, उतार नाही, जमीन कशी आहे तेही नाही. दोन सड्यांमधल्या घळीतून येणारे पऱ्ये पुष्कळदा लांबट असतात. तिथे पाणी एकदम जमा होत नाही आणि सूत्र जास्त आकडा देतं. उलट टोकालाही अडचण आहे. क्षेत्र कितीही लहान केलं तरी सूत्र दर चौरस किमीला सुमारे ३८ घनमीटरच्या वर जात नाही, म्हणजे तासाला १३८ मिमी वाहतं पाणी. डांबर-काँक्रीटने झाकलेल्या बाजारपेठेतल्या पाव चौरस किमीच्या गटारावर दहा मिनिटांची सर याहून जोरात येऊ शकते. इंग्लिस पडताळणीला वापरा, एकट्याच्या भरवशावर मोरी बांधू नका.

रॅशनल पद्धत: सूत्र सोपं, पावसाचा आकडा अवघड

इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-१३ या लहान पूल-मोऱ्यांच्या मार्गदर्शिकेतलं रूप बहुतेकांच्या हातात असतं: विसर्ग = ०.०२८ × वाहगुणांक × क्षेत्र हेक्टरमध्ये × पावसाची तीव्रता सेंमी प्रति तास. (मोठ्या पाणलोटाला पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही म्हणून आणखी एक गुणक असतो, आपल्या उदाहरणात तो १ धरला आहे.) पाणी टोकापासून मोरीपर्यंत यायला लागणारा वेळ (०.८७ × लांबीचा घन ÷ उंची) या संख्येचा ०.३८५ वा घात करून तासांत मिळतो. आपल्याला तो ०.४ तास, म्हणजे साधारण २४ मिनिटं येतो. वाहगुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा: विरळ झाकलेल्या पठाराचा ०.७० (आपल्या उदाहरणात हाच धरला आहे), जंगलाने झाकलेल्या खडकाळ चढाचा ०.८०. जांभा जूनच्या पहिल्या सरी पितो म्हणून गुणांक कमी धरायचा मोह होतो. तो टाळा, कारण मोठा पूर जुलैत, सडा तुडुंब भिजल्यावर येतो.

खरा घोळ पावसात आहे. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींत बहुधा दिवसाचा एकच आकडा मिळतो, सकाळी साडेआठचा. समजा मोठा पाऊस २४ तासांत ३०० मिमी. एसपी-१३ मधल्या रूपांतराने तो तासाला १५६ मिमी होतो, २४ मिनिटांसाठी २२४ मिमी प्रति तास, आणि विसर्ग ११० घनमीटर. हवामान खात्याच्या एक-तृतीयांश घाताच्या नियमाने (कालावधीच्या घनमुळाप्रमाणे पाऊस कमी धरणारा) तीव्रता १९३, विसर्ग ९४. आणि जवळच्या स्वयंनोंदी मापकावर तासाचा सर्वाधिक पाऊस ९० मिमी नोंदलेला असेल, तर एसपी-१३ च्याच रीतीने २४ मिनिटांसाठी तीव्रता १२९ आणि विसर्ग ६३.

पऱ्या तोच, सूत्र तेच, आणि आकडा ६३ पासून ११० पर्यंत. कोकणातला ३०० मिमीचा दिवस पुष्कळदा दिवसभर धरून लागलेल्या पावसाचा असतो, एका तासाच्या ढगफुटीचा नव्हे. म्हणून दिवसावरून तास काढणारी रूपांतरं इथे जास्त आकडा देण्याकडे झुकतात. साडेआठला पावसाचे दोन तुकडे होऊन दोन तारखांत विभागले गेले, की चूक उलट दिशेनेही होते. शिवाय किनाऱ्यावरचा मापक घाटपायथ्याला लावू नका. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिमीच्या घरात पाऊस, तर आंबोलीला सात हजारांच्या घरात.

पूरखूण आणि मॅनिंग

आमच्या मते लहान पऱ्यासाठी सर्वांत जास्त काही सांगणारी पद्धत हीच, आणि अंदाजपत्रकांतून सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच. झाडांत अडकलेलं गवत, काटक्या आणि प्लास्टिक, जांभ्याच्या गडग्यावरची (दगडी कुंपणावरची) गाळाची रेघ, घाटीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ही वाडीतल्या जुन्या माणसांची आठवण, एवढं गोळा करा. किमान तीन छेद (पात्राची आडवी मापं) घ्या, शे-दीडशे मीटरच्या सरळ पट्ट्यात. उतार पात्राच्या तळाचा नाही, पूरखुणांचा काढा. जुन्या मोरीच्या लगेच वर छेद घेऊ नका. तिथे पाणी तुंबलेलं असतं आणि खूण खोटी उंच दिसते.

समजा छेद १७ चौरस मीटर, ओला परीघ (तळ आणि काठांची पाण्याला लागणारी लांबी) १२.५ मीटर, उतार १००० ला १२. गोटे आणि थोड्या धोंड्यांच्या पात्राला मॅनिंगचा गुणांक (खडबडीतपणाचं माप) ०.०४५ धरला तर वेग ३ मीटर प्रति सेकंद आणि विसर्ग ५१. गुणांक ०.०३५ धरला तर ६५, ०.०५५ धरला तर ४२. काठावर करवंदीची जाळी आणि बांबूची बेटं असतील तर वरच्या बाजूचा गुणांक घ्या. छेद आणि पूरखुणा तेवढ्याच ठेवून कमी गुणांक धरला, तर पाणी जोरात गेलं असं कागदावर दिसतं आणि विसर्ग फुगतो.

या पद्धतीची मर्यादा एकच, पण मोठी: ती झालेल्या एका पुराबद्दल सांगते. तो पूर किती वर्षांतून एकदा येणारा, हे त्या दिवसाचा पाऊस जुन्या नोंदींशी ताडल्याशिवाय कळत नाही. वर नवीन रस्ता किंवा सपाट केलेल्या सड्यावरची कलमांची बाग झाली असेल, तर जुनी खूण पुढच्या पुराला अपुरी पडते.

मॉडेल

हेक-एचएमएस आणि हेक-रास अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर आहेत. खर्च सर्वेक्षणाचा असतो. उपग्रहावरून मिळणाऱ्या ३० मीटर चौकटीच्या उंची-नकाशात ८-१० मीटर रुंदीचा पऱ्या दिसतच नाही, झाडांचे शेंडे जमीन म्हणून येतात, आणि सपाट सड्यावर पाणलोटाची हद्द भलत्याच बाजूला सरकते. हद्द १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशावर आणि जागेवर चालून तपासावी लागतेच. पात्राचे छेद २५-५० मीटरवर, मोरीच्या वर-खाली निदान ३०० मीटरपर्यंत मोजावे लागतात.

आणि मॉडेलला पाऊस तुम्हीच देता, मॅनिंगचा गुणांकही तुम्हीच. रॅशनल पद्धतीतली अनिश्चितता इथेही तशीच राहते, फक्त रंगीत नकाशात दिसते. त्यात कर्व्ह नंबरची भर पडते, म्हणजे जमीन किती पाणी वाहू देते याच्या १०० पर्यंतच्या मापाची. कोरड्या-ओल्याच्या मधल्या स्थितीचा ७० हा नंबर भिजलेल्या जमिनीला ८४ होतो, आणि ३०० मिमीतून वाहणारं पाणी २०० वरून २४९ मिमीवर जातं. ही दुरुस्ती विसरलेलं मॉडेल जुलैच्या कोकणात कामाचं नाही.

पण जिथे पाण्याची पातळी खालून ठरते, तिथे मॉडेलला पर्याय नाही. खाडीलगतची मोरी, खारजमिनीच्या बांधातली उघाडी (पाणी सोडायचं दार), नदीला मिळणाऱ्या ओढ्यावरचा पूल: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मोरीचं तोंडच बुडालेलं असतं आणि सूत्राने काढलेला विसर्ग बरोबर असूनही पाणी वर चढतं. वाशिष्ठीसारख्या नदीवर तर कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणीही येतं. ते कोणत्याच पाणलोट-सूत्रात मावत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने पाहिला तसा पूर समजून घ्यायचा तर पाऊस, वरून आलेलं पाणी आणि भरती यांचा तासातासाचा मेळ घालावा लागतो.

मग निवड कशी करायची

आपल्या पऱ्यावर आकडे असे आले: पूरखूण ५१, स्थानिक तासाचा पाऊस ६३, इंग्लिस ८६, एक-तृतीयांश नियम ९४, एसपी-१३ चं रूपांतर ११०. सरासरी काढू नका. एसपी-१३ चा नियम सर्वांत मोठा आकडा घेण्याचा आहे, मात्र तो दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावा. पण आधी एका पद्धतीला एकच आकडा ठेवा, तोही ज्या पावसावर तुमचा विश्वास आहे त्यातून. स्वयंनोंदी मापकाची नोंद वीस-पंचवीस वर्षांची असेल तर ६३ घ्या, मग यादी ५१, ६३, ८६ होते आणि आराखडा ८६ वर. नोंद नसेल तर ११० टाळता येत नाही.

३ मीटर प्रति सेकंद वेगाने ६३ ला २१ चौरस मीटर लागतात, म्हणजे ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर पाण्याच्या खोलीचे तीन गाळे. ८६ ला चार, ११० ला पाच. वर पुराच्या पातळीपासून ९०० मिमी मोकळी उंची, कारण विसर्ग ३० ते ३०० च्या टप्प्यात आहे. ह्यूम पाइपचा (गोल काँक्रीट नळांचा) विचारही करू नका. १२०० मिमीच्या एका पाइपातून त्याच वेगाने ३.४ घनमीटर जातं, म्हणजे ६३ लाच एकोणीस पाइप, आणि पहिल्या मोठ्या पुरात माडाच्या झावळ्या, बांबू आणि एखादा ओंडका आडवा आला की त्यातले निम्मे बंद.

खाडीच्या बाजूला मॉडेल करायचं ठरलं तर पातळीचा पाया आधी जुळवा. भरतीच्या तक्त्यातली उंची नौकानयन नकाशाच्या शून्यावरून असते, तुमचं सर्वेक्षण सरासरी समुद्रपातळीवरून. मुंबईत या दोन शून्यांत अडीच मीटरच्या आसपास फरक आहे, आणि दक्षिणेकडे तो बंदरागणिक बदलतो. हा फरक न वजा करता भरती मॉडेलमध्ये घातली, तर ओहोटीतही सगळी खारजमीन बुडालेली दिसते.